फिल्टरवरची तारीख

वाटी सुटली आणि दौलतच्या तळहातावर एकीच्या जागी दोन रबरी रिंगा पडल्या. एक नवी, कडेला फाटलेली. दुसरी जुनी, चपटी आणि दगडासारखी कडक.

दौलत गाडीखाली उताणा पडला होता. तिथून त्याला जगाचा जेवढा भाग दिसत होता त्यात पायांचे दोनच जोड होते. विजयकर सॉलिसिटरांचे चकचकीत बूट, आणि गॅरेजचे मालक रमाकांतशेठ यांच्या कोल्हापुरी वहाणा. बूट जागचे हलत नव्हते. वहाणा सारख्या इकडून तिकडे होत होत्या. अकरा वर्षं या गॅरेजात काढल्यावर दौलतला शेठच्या वहाणांवरून शेठचं मन कळायचं. शेठ घाबरले होते.

साहेबांची हिरवी विलायती गाडी सकाळी दादरहून हायकोर्टाला निघाली, ती भोईवाड्याच्या नाक्यावर बसली. नुसती बंद पडली असती तर गोष्ट वेगळी. इंजिनातलं तेल रस्त्याला लागलं होतं आणि आतलं लोखंड लोखंडावर घासून जळून जाम झालं होतं. चार माणसांनी ढकलत ती परळच्या या गॅरेजात आणली. ड्रायव्हर बाबुरावने आल्या आल्या दौलतला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तेलाचा काटा नायगावलाच खाली आला होता. त्याने साहेबांना तसं म्हटलंही होतं. साहेबांनी कागदातून मान वर न काढता ‘चल’ म्हटलं. ‘पण मी बोललो असं कुठं बोलू नको,’ असंही बाबुराव लगेच म्हणाला.

फिल्टर ज्या लोखंडी वाटीत बसतो, ती वाटी इंजिनाला जिथे टेकते तिथे एक खाच असते. त्या खाचेत रबरी रिंग. फिल्टर नवा घातला की रिंगही नवी घालायची. पण जुनी रिंग तेलाने आणि उष्णतेने खाचेला अशी चिकटून बसते की ती रिंग आहे हेच नवख्याला कळत नाही. ती दाभण घालून उपसून काढावी लागते. तशीच ठेवून वर नवी चढवली तर गाडी चालते. चार दिवस चालते, आठ दिवस चालते, आणि एक दिवस वरची रिंग सटकते. दौलतच्या खिशात या एका कामासाठी कायम दाभण असायचा. तेव्हा हे काम दौलतचं नव्हतं. ज्या माणसाने आठ वर्षांत पाना हातात धरला नव्हता त्याचं ते काम होतं, आणि तो माणूस या क्षणी कोल्हापुरी वहाणा घालून शेजारी उभा होता.

दौलतने दोन्ही रिंगा गुपचूप खिशात टाकल्या.

आता या फिल्टरचं प्रकरण मुळापासून सांगायला हवं. वर्ष-दीड वर्ष सरकारने परदेशी मालाच्या बाबतीत हात इतका आखडता घेतला होता की कंपनीचा फिल्टर बाजारात औषधालाही मिळत नव्हता. दुकानदार काउंटरखालून असा काढून दाखवत, की बघणाऱ्याला वाटावं हिराच आहे. दौलतचा मेव्हणा शिवा पूर्वी गोदीत फिटर होता. त्याने रे रोडला लाकडाच्या वखारींमागे पत्र्याची शेड घेतली आणि हातदाबाच्या एका यंत्रावर फिल्टर बनवायला सुरुवात केली. वरखालची झाकणं तो जुन्या डब्यांच्या पत्र्याची कापायचा. आतल्या जाड कागदाला घड्या घालायची त्याची बायको, म्हणजे दौलतची धाकटी बहीण मालन.

बहिणीचा माल म्हणून दौलतने एकही फिल्टर गिऱ्हाइकाच्या गाडीत घातला नाही. आधी शेठच्या स्वतःच्या खटाऱ्या लॉरीत घातला. पहिले तीन वाया गेले. सरस सुटला, घड्या बसल्या. दौलतने ते तिन्ही शेडमध्ये नेऊन शिवाच्या पुढ्यात टाकले तेव्हा मालन दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथा टिकला. पाचवा टिकला. मग त्याने एक कंपनीचा आणि एक मालनचा असे दोन्ही करवतीने कापून वर्तमानपत्रावर पसरले. कंपनीच्या कागदाला बावन्न घड्या होत्या, मालनच्या चोपन्न.

ही कापून बघायची सवय त्याला लढाईच्या वेळी लष्करी वर्कशॉपात लागली होती. गाडीतून काढलेला प्रत्येक फिल्टर तो कापायचा, आत काय साठलंय ते बघायचा, झाकणावर पांढऱ्या रंगाने घातल्याची आणि काढल्याची तारीख लिहायचा आणि गॅरेजच्या आतल्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा. अशी सगळी भिंत भरली होती. बाकीचे लोक तिला दौलतचं देवघर म्हणायचे. दौलत हसायचा. गेल्या वर्षी डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर लाखो माणसांबरोबर त्याने धम्म घेतला, तेव्हापासून त्याच्या घरात देवघर उरलं नव्हतं, पण भिंत तेवढी राहिली.

विजयकर साहेबांना त्याने जूनमध्ये काही न लपवता सांगितलं होतं. कंपनीचा मिळत नाही, हा रे रोडचा आहे, माझ्या बहिणीच्या हातचा आहे, आणि हे दोन्ही कापलेले बघून घ्या. साहेबांनी फाउंटन पेनच्या टोकाने घड्या चाळवून पाहिल्या. “तुझ्या शब्दावर घालतोय,” ते म्हणाले. “काही झालं तर तू.” दौलतला तो विश्वास वाटला. तो घरी जाऊन बायकोला हे वाक्य जसंच्या तसं सांगता झाला.

सहा महिने गाडीने तक्रार केली नाही. लॉरीचं तर विचारूच नका. नोव्हेंबरच्या शेवटी संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं पंतप्रधानांना दाखवायला काळी निशाणं घेऊन प्रतापगडाला गेली तेव्हा परळची निम्मी माणसं शेठच्या लॉरीत होती. वाईचा घाट चढून ती लॉरी परत आली ती मालनच्या फिल्टरवर. शेठ पुढे उभे राहून घसा बसेपर्यंत ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ ओरडत होते. मराठी माणसाने धंद्यात पडलं पाहिजे, चार वस्तू स्वतः बनवल्या पाहिजेत, हे ते लालबागच्या प्रत्येक सभेत सांगायचे. गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर गेरूने घोषणाही लिहून घेतली होती. एवढं करून शिवाचा फिल्टर ते फक्त टॅक्सीवाल्यांना द्यायचे, आणि तोही कागदात गुंडाळून.

मग साहेबांचा जावई लंडनहून आला आणि सासऱ्यासाठी कंपनीचे दोन फिल्टर घेऊन आला. साहेबांचा चेहरा असा फुलला की जणू नातू झाला. दौलत म्हणाला, आतला अजून चांगला आहे, वेळ आली की बदलू. साहेब म्हणाले, ओरिजिनल ते ओरिजिनल. सहा डिसेंबरला दौलतने रजा घेतली होती. बाबासाहेबांना जाऊन वर्ष झालं होतं, तो दादरला जाणार होता. प्रतापगडाच्या वेळी दोन दिवस गेले ते शेठना देशकार्य वाटलं होतं. ही एक दिवसाची रजा देताना मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं. त्याच दिवशी बाबुराव गाडी घेऊन आला, आणि साहेबांना नाही म्हणायची छाती नसल्यामुळे शेठने बाह्या वर केल्या.

सात तारखेला दौलत आला. काढलेला मालनचा फिल्टर कोपऱ्यात पडला होता. त्याने तो कापला. घड्या ताठ होत्या, सरस शाबूत होता. त्याने झाकणावर ‘काढला ६-१२-५७’ लिहिलं आणि खिळ्याला टांगला. शेठना त्याने एवढंच विचारलं की जुनी रिंग काढली ना. शेठ म्हणाले, मला शिकवतोस का. वाटी पुन्हा उघडून बघायची तर मालकाचा अपमान झाला असता. दौलतने ती उघडली नाही. त्याची चूक म्हणायची तर तेवढीच, पण ती होती.

तर आज तो गाडीखालून बाहेर आला आणि कंपनीचा फिल्टर ट्रेमध्ये ठेवतो न ठेवतो तोच शेठ म्हणाले, जा, हात धुऊन ये. आणि मागोमाग स्वतःही नळाशी आले. साहेब टेलिफोनवर कोर्टात कुणाशी तरी बोलत होते.

“हात माझा होता,” शेठ म्हणाले. “तुला ठाऊक, मला ठाऊक. पण साहेबांच्या शब्दावर इथे नऊ गाड्या येतात. त्या गेल्या की मी कुलूप लावणार. मग तू कुठे जाशील? तुला कोण ठेवून घेईल, सांग.”

शेवटचं वाक्य ते अगदी हळू, मायेने म्हणाले. ओरडले असते तर दौलतला बरं वाटलं असतं.

“काय बोलू मग मी?”

“सहा तारखेला बदललाच नाही म्हण. रे रोडचाच होता, तो आत फुटला. माल वाईट निघाला, त्यात तुझा काय दोष? साहेब दोन शिव्या घालतील आणि विषय मिटेल.”

“आणि मालनचा धंदा, शेठ? उद्या तिचा माल कोण घेईल?”

“तिचं मागाहून बघू. ती लग्न होऊन गेली. तुझ्या घरात पाच तोंडं आहेत.”

एवढं बोलून शेठ आत गेले. दौलत नळाशी उभा राहिला. रॉकेलने चोळूनही बोटांवरचं काळं जात नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता, आणि शूरही नव्हता. धाकटीची शाळा, चाळीतली खोली, परळ-लालबागमधली इतर गॅरेजं आणि त्यांच्या मालकांची आडनावं, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्या पलीकडे मालन दिसली, पहिल्या तीन फिल्टरांच्या वेळी तोंड फिरवून बसलेली. त्याने नळ बंद केला.

आत आल्यावर त्याची नजर आधी भिंतीवर गेली. एक खिळा रिकामा होता. ट्रेमध्ये कंपनीचा फिल्टर नव्हता. त्याच्या जागी काळ्या तेलात बुचकळून काढलेला मालनचा फिल्टर होता, कापलेला. कापला तर काय, दौलत सगळेच कापतो, असा शेठचा हिशोब असणार. पण त्या तेलाखाली झाकणावर पांढरा रंग होता हे फक्त दौलतला ठाऊक होतं. तो अजूनही बोलू शकला असता.

टेलिफोन ठेवून साहेब आले. कोटाची बटणं लावलेली, आवाज कोर्टातला.

“दौलत, माझ्या गाडीत कोणता फिल्टर होता?”

“रे रोडचा, साहेब.”

“मी सहा तारखेला पाठवलेला?”

“तो घातला नाही. मी नव्हतो त्या दिवशी. राहून गेला.”

“म्हणजे हा समोरचा फिल्टर आज सकाळपर्यंत माझ्या गाडीत होता.”

“हो, साहेब.”

साहेबांनी बाबुरावच्या काखेतलं वर्तमानपत्र मागून घेतलं, त्याचा एक तुकडा फाडला आणि सावकाश, बोटांना तेल लागू न देता, झाकण पुसलं. एकदा पुसलं, दुसऱ्यांदा पुसलं. मग चष्मा वर करून वाचलं.

“‘काढला सहा-बारा-सत्तावन्न.’ अक्षर तुझंच ना? छान आहे.”

पहिले बोलले ते शेठ. “काय रे दौलत, साहेबांशी खोटं बोलतोस?” हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की नळाशी मघाशी आपल्याबरोबर कोणी उभं होतं की नाही, अशी दौलतला क्षणभर शंका आली.

त्याने खिशातून दोन्ही रिंगा काढून ट्रेच्या कडेवर ठेवल्या. “खोटं बोललो, साहेब. पण हे खरं आहे. आत तुमचाच फिल्टर होता आणि वर ह्या दोन रिंगा होत्या. जुनी कोणी काढलीच नाही.”

साहेबांनी रिंगांकडे पाहिलं. मग शेठच्या हातांकडे पाहिलं. तीस वर्षं माणसं वाचण्यात गेलेल्या त्या गृहस्थांना कळायचं ते सगळं कळलं. पण त्यांना आणखीही एक गोष्ट कळली. रिंगेचा प्रश्न काढला तर काट्याचा निघणार, आणि काट्याबद्दल बोलू शकणारा बाबुराव चार हातांवर उभा होता. त्यांनी वर्तमानपत्राच्या बोळ्याला बोटं पुसली आणि त्याच बोळ्याने दोन्ही रिंगा ट्रेमधल्या तेलात ढकलल्या.

“एकदा खोटं बोललेल्या साक्षीदाराचं मी पुढचं ऐकत नाही,” ते म्हणाले. “तीस वर्षांचा नियम आहे माझा.”

पुढचं सगळं ते शेठशी बोलले. इंजिन शेठने पुरतं बांधून द्यायचं. त्याबद्दल वाद नको. आणि हा माणूस पुन्हा गाडीला हात लावता कामा नये. शेठ प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. त्यांना एवढ्यावर सुटल्याचं खरं वाटत नव्हतं. निघताना साहेब दाराशी थांबले. त्यांनी दौलतकडे पाहिलंही नाही.

“गेल्या वर्षी ह्या सगळ्यांनी डबा तेवढा बदलला, शेठ. आतला माल तोच.”

शेठ हसले. अडीच वर्षं दौलतच्या डब्यातली चटणी-भाकरी वाटून खाल्लेला बाबुरावही, खाली बघत का होईना, हसला. दौलतला राग आला नाही. राग यायला आपण खरं बोललेलो असावं लागतं. साहेबांनी त्याच्याकडून ते आधी काढून घेतलं होतं आणि मग वार केला होता.

साहेब गेल्यावर शेठने दौलतला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. चेहरा पाडून सांगितलं, माझा नाइलाज आहे असंही म्हणाले. दौलतने अंगातला काळा डगला काढून ठेवला. खिशातला दाभण काढून घेतला आणि निघाला.

“दाभण राहू दे,” शेठ मागून म्हणाले. “साहेबांचा दुसरा फिल्टर आहे अजून. लागेल.”

दौलत परत फिरला आणि दाभण ट्रेशेजारी ठेवून आला.

तो घरी गेला नाही. पाय त्याला रे रोडला घेऊन गेले. उन्हं कलली होती, वखारीत करवत चालू होती आणि लाकडाचा भुसा शेडच्या दारापर्यंत उडत होता. मालन गोणपाटावर बसून कागदाला घड्या घालत होती. शिवा नव्हता.

“दादा, आज एवढ्या लवकर?” तिने घड्या न थांबवता विचारलं. मग स्वतःच बोलत सुटली. शिवा दादरच्या एका मोठ्या मोटार-सामानवाल्याकडे गेला होता. सहा महिने तो ज्याच्या पायरीवरून परत येत होता, त्याने आज पहिल्यांदा आत बोलावलं होतं. “हे त्याला सांगणार आहेत, विजयकर साहेबांच्या गाडीत आमचा फिल्टर सहा महिने चालला. पटत नसेल तर परळला दौलत मिस्त्रीला विचारा.” तिने वर पाहिलं. “तुझं नाव सांगितलं की कोणी डबा कुठला ते नाही विचारत, दादा. मी बोलते ना यांना.”

इथे येईपर्यंत त्याने एक वाक्य तयार केलं होतं. ते त्याच्या तोंडातून आलं नाही.

“साहेबांची गाडी बरी आहे ना?” मालनने विचारलं.

“तुझा फिल्टर चांगला चालला,” दौलत म्हणाला. “मी कापून बघितला. एक घडी हलली नव्हती.”

दिवसभरात तो बोललेली ही सर्वांत खरी गोष्ट होती, आणि ती ऐकायला ज्यांनी असायला हवं होतं त्यांतलं कोणी तिथे नव्हतं. मालन मात्र खुलली. तिने कामाचा वेग वाढवला. दौलत नेहमीसारखा तिच्यासमोर बसला आणि हातभार लावायला म्हणून त्याने ढिगातला एक कागद ओढला. दोन घड्या घातल्या असतील नसतील, कागदाच्या कडेला त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला.

मालनने कागद त्याच्या हातातून हलकेच काढून घेतला.

“राहू दे, दादा. तेल लागलं की तिथं सरस धरत नाही. मग तो कागद फुकट जातो.”

तिने ती पट्टी फाडून टोपलीत टाकली आणि नवा कागद घेतला. दौलतने दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि तिच्या घड्या मनातल्या मनात मोजू लागला. चोपन्न झाल्यावर ती थांबली.